दात गेले, पुढे काय?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.)

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. मीही लिहिली होती आणि तिचा एक गुण मला मिळाला होता. परंतु त्या म्हणीतला दात हा खराखुरा दात होऊन कधी आपल्या घरात प्रश्न म्हणून उभा राहील, असे मला तेव्हा वाटले नव्हते. गेल्या दीड वर्षात तो उभा राहिला. माझ्या आईच्या खालच्या जबड्यातील डाव्या बाजूचे मागचे तीन दात गेले. त्यांतील निदान एक तरी वाचला असता. आमच्या अज्ञानामुळे तो गेला.

वार्षिक अंकात कथा, कविता, प्रवासवर्णन सोडून हा दातांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. दहावीनंतर शास्त्राशी माझा संबंध सुटला. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्यातला कागद आला की घरचे तो माझ्या हाती देतात आणि म्हणतात, “बघ गं, काय लिहिलंय.” तो कागद वाचता वाचता, डॉक्टरांना प्रश्न विचारता विचारता आणि ग्रंथालयातील पुस्तके चाळता चाळता जे समजले ते इथे मांडते आहे. एकाहून अधिक दात गेले असता कृत्रिम मुळे बसवून त्यांवर दातांचा पूल कसा बांधतात, हा या लेखाचा मुख्य विषय आहे. आज मराठीत सर्रास त्याला ‘इम्प्लांटचा ब्रिज’ किंवा ‘स्क्रूचे दात’ असे म्हणतात.

आमच्या घरची हकिकत

आमचे घर गोवंडीला, बैंगनवाडीच्या बाजूस. आजोबा १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आले आणि इथलेच झाले. वडील टेम्पो चालवतात. आई चेंबूरला चार घरी धुणीभांडी व स्वयंपाक करते. पहाटे उठल्यावर तिचे पहिले काम म्हणजे मशेरी लावणे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर घासत बसायची. आमच्या गल्लीतील निम्म्या बायकांची सकाळ अशीच उजाडते. लहानपणी दाढ दुखली की आजी आईला मशेरी लावायला सांगे. दुखणे तेवढ्यापुरते दबे, सवय मात्र जन्माची लागली. हिरड्या हळूहळू खाली सरकल्या, मुळे उघडी पडली, आणि चाळिशीच्या आत एक दाढ व तिच्या पुढची एक उपदाढ हलू लागून काढावी लागली.

दोन दात गेल्यावर आई उजव्या बाजूने जेवू लागली. हसताना पदर तोंडावर जाऊ लागला. तेवढ्यात ओळखीच्या कुणीतरी एका माणसाचे नाव सांगितले. तो म्हणे दोन दिवसांत ‘फिक्स दात’ बसवून देतो आणि पैसेही थोडेच घेतो. आई गेली. त्याने प्लॅस्टिकचे दोन दात तारेने शेजारच्या दातांना बांधले आणि वरून पातळ प्लॅस्टिक ओतून सगळे घट्ट करून टाकले. आठवडाभर आई आनंदात होती. चार महिन्यांनी त्या जागेला वास येऊ लागला. प्लॅस्टिकखाली अन्न अडकत होते आणि ते साफ करायला वाटच नव्हती. हिरडी सुजली, पू झाला, आणि ज्या मागच्या दाढेला तार बांधली होती तीही हलू लागली. शेवटी तीही काढावी लागली. दोनाचे तीन झाले.

पुढे मुंबईतील एका दंत महाविद्यालयात तेथील डॉक्टरांनी हे ऐकले, एक्स-रे पाहिला आणि आईला विचारले, “मावशी, ही मागची दाढ असतानाच का नाही आलात?” त्या प्रश्नाचा नेमका अर्थ मला कळायला बरेच दिवस लागले. तो समजण्यासाठी आधी दात जातो तेव्हा तोंडात काय घडते ते पाहू.

दात जातो तेव्हा

पूर्ण वाढलेल्या माणसाला बत्तीस दात असतात: पटाशीचे आठ, सुळे चार, उपदाढा आठ आणि दाढा बारा. शेवटच्या चार अक्कलदाढा काहींना येत नाहीत. दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्याच्या खाली मूळ असते आणि ते जबड्याच्या हाडातील खोबणीत बसलेले असते. मात्र मूळ आणि हाड एकमेकांना चिकटलेले नसतात. दोहोंच्या मध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. आपण घास चावतो तेव्हा दात किंचित दबतो, तंतू ताणले जातात आणि तो ताण हाडापर्यंत पोहोचतो. या रोजच्या ताणावरच तिथले हाड टिकून राहते. शेतातील बांध जसा वापरात असला, डागडुजी होत राहिली तरच टिकतो, तसेच हे आहे.

दात गेला की हा ताण थांबतो आणि शरीर तिथले हाड काढून घेऊ लागते. हाडाची कड आधी अरुंद होते, मग तिची उंचीही घटते. पहिले वर्ष सर्वांत वाईट. त्या एका वर्षात कडेची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. फार दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचे गाल बसतात आणि हनुवटी नाकाकडे आल्यासारखी दिसते ती यामुळेच. मी हे सारे वयाचे लक्षण समजत होते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. रिकाम्या जागेच्या मागचा दात पुढे कलू लागतो. समोरच्या जबड्यातील दाताला टेकायला काही नसते, म्हणून तो वाढल्यासारखा रिकाम्या जागेत उतरू लागतो. दातांच्या रांगेत फटी पडतात, फटीत अन्न अडकते आणि कीड लागते. म्हणजे एक दात जातो तेव्हा तो एकटा जात नाही. ‘मागची दाढच तर गेली, दिसते कुणाला’ असे आपण म्हणतो, पण न दिसणाऱ्या जागी पुढचे नुकसान चालूच असते.

तीन वाटा

गेलेल्या दातांची जागा भरून काढण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट म्हणजे काढघाल करता येणारी अर्धी कवळी. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या पातळ पट्टीवर दात बसवलेले असतात आणि उरलेल्या दातांना आकड्यांनी ती धरून ठेवतात. खर्च सर्वांत कमी, शस्त्रक्रिया नाही. परंतु तिचा बराचसा भार हिरडीवर पडतो. ज्या बाजूला मागे एकही दात उरलेला नाही, तिथे कवळीचे मागचे टोक चावताना दबते व उचलते. शिवाय तिच्याखालचे हाड झिजणे थांबत नाही, म्हणून काही वर्षांनी ती ढिली होते. तरीही कवळीला हलके लेखू नये. नीट बनवलेली आणि रोज रात्री काढून धुतलेली कवळी अनेकांना उत्तम कामी येते.

दुसरी वाट म्हणजे नैसर्गिक दातांवरचा पूल, ज्याला सगळे ‘ब्रिज’ म्हणतात. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात, त्यांवर टोप्या बसवतात आणि दोन टोप्यांच्या मध्ये कृत्रिम दात जोडलेला असतो. दोन आठवड्यांत काम होते, दात पक्के बसतात. पण त्यासाठी दोन चांगले दात घासावे लागतात आणि घासलेले आवरण पुन्हा येत नाही. दुसरे असे की, गेलेल्या दातांचा भारही त्या दोन खांबांनाच वाहावा लागतो. म्हणून गेलेल्या दातांच्या मुळांचा हाडातील जेवढा पृष्ठभाग होता, निदान तेवढा तरी खांबांच्या मुळांचा असावा, असा दंतवैद्यांचा जुना ठोकताळा आहे. लांब जागेला हा पूल पेलत नाही. आणि मागच्या बाजूस खांबच नसेल, तर पूल टेकवणार कशावर?

आता डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचा अर्थ वाचकांच्या ध्यानात आला असेल. आईचे दोनच दात गेले होते तेव्हा पुढे एक उपदाढ होती आणि मागे एक दाढ होती. दोन्ही खांब जागेवर होते. साधा पूल बांधता येण्याजोगा होता. त्या तारेच्या दातांनी मागचा खांबच पाडला आणि ती वाट कायमची बंद झाली.

तिसरी वाट म्हणजे हाडात नवे खांबच उभारण्याची. तिलाच दंतरोपण किंवा इम्प्लांट म्हणतात.

धातू हाडाशी एकजीव होतो

गेलेल्या दाताच्या जागी काहीतरी रोवून बसवावे ही कल्पना फार जुनी आहे. १९३१ साली मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात प्राचीन माया लोकांच्या काळातील एक खालचा जबडा सापडला. तो इसवी सन ६०० च्या सुमाराचा मानतात. त्यात पटाशीच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दाताच्या आकाराचे तुकडे बसवलेले होते. पुढे त्याचे एक्स-रे काढले तेव्हा काही तुकड्यांभोवती हाड वाढल्याचे दिसले. म्हणजे त्या व्यक्तीच्या हयातीतच ते बसवले असावेत. नंतरच्या काळात सोने, प्लॅटिनम वगैरे धातू वापरून पुष्कळ प्रयत्न झाले, पण बहुतेक वेळा शरीर त्या परक्या वस्तूला दूर ढकलत असे.

खरा शोध लागला तो दुसऱ्याच कामातून. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रेनेमार्क हे १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम धातूची एक बारीक नळकांडी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड धातूला अगदी भिडून वाढले होते. एखाद्याने वैतागून ती नळकांडी टाकून दिली असती; ब्रेनेमार्क यांनी त्याच अडचणीचा पाठपुरावा केला. १९६५ साली त्यांनी गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली. त्या रुग्णाच्या खालच्या जबड्यातील ती मुळे पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच्या मृत्यूपर्यंत, टिकली. तरीही दंतवैद्यांच्या जगाने हा शोध सहजासहजी मान्य केला नाही. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे परिषद झाली, तिथे इतक्या वर्षांचे पुरावे मांडले गेले आणि मग ही पद्धत जगभर पसरली. ब्रेनेमार्क २०१४ साली निवर्तले.

टायटॅनियमच का? हा धातू हलका आणि बळकट आहे. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर त्याला गंजू देत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला शत्रू मानत नाहीत. आणखी एक गंमत म्हणजे ज्या इल्मेनाइट नावाच्या खनिजात टायटॅनियम असते, ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूतही आढळते. कोकणात सुट्टीला जाऊन त्या वाळूत किल्ले करणाऱ्या मुलांना याची कल्पनाही नसेल!

तीन दात, दोन खांब

माझी समजूत अशी होती की तीन दात गेले म्हणजे तीन स्क्रू बसवावे लागणार. तसे नाही. दोन खांबांवर मधला गाळा तोलता येतो, हे ठाणे खाडीवरचा पूल पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. सलग तीन दात गेले असतील तर पहिल्या व तिसऱ्या दाताच्या जागी एकेक रोपण करतात आणि मधला दात त्यांच्या आधारावर उभा राहतो. सलग चार दात असतील तर हाड आणि भार पाहून दोन किंवा तीन खांब. एका जबड्यातील सगळेच दात गेले असतील तरी बहुधा चार ते सहा खांबांवर अख्खी रांग बसवता येते. प्रत्येक दातास वेगळा खांब लागत नाही, यामुळे खर्च कमी होतो आणि जिथे हाड चांगले आहे ती जागा निवडता येते.

काम कसे चालते ते आता क्रमाने सांगते.

प्रथम तपासणी. हिरड्या निरोगी आहेत का, रक्तातील साखर किती, तंबाखूचे व्यसन आहे का, हाडांसाठी काही औषधे चालू आहेत का, हे पाहतात. मग एक्स-रे व जबड्याचे स्कॅन काढतात. खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते. ओठ व हनुवटीची संवेदना तिच्यावर अवलंबून असते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. म्हणून नसेच्या वर किती हाड शिल्लक आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात. वरच्या जबड्यात दाढांच्या वर जबड्याच्याच हाडातील पोकळी असते, तिथेही तेवढीच काळजी घ्यावी लागते. हाड कमी असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते, आणि मग वेळ व खर्च दोन्ही वाढतात.

नंतर शस्त्रक्रिया. नाव ऐकून आई घाबरली होती. पण दात काढताना देतात तसेच जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन ती करतात. हिरडी थोडी उघडून हाडात क्रमाक्रमाने मोठे होत जाणारे भोक पाडतात. हे काम सावकाश आणि सतत थंड सलाइनचे पाणी सोडून करावे लागते. याचे कारण १९८० च्या दशकात स्वीडनमधील प्रयोगांतून कळले: हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर पोहोचले तरी हाडाच्या पेशींना इजा होते. पेशी मेल्या तर हाड धातूला धरणार नाही. मग त्या भोकात टायटॅनियमचे कृत्रिम मूळ पिळून बसवतात. ते दिसायला आटे असलेल्या स्क्रूसारखेच असते, जाडी साधारण चार मिलिमीटर आणि लांबी बहुधा आठ ते बारा मिलिमीटर.

यापुढचा टप्पा म्हणजे वाट पाहणे. साधारणपणे खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तिथले हाड विरळ असल्यामुळे, त्याहून अधिक, सहा महिन्यांपर्यंतही थांबतात. या काळात हाड धातूशी एकजीव होते. काही रुग्णांत लगेच तात्पुरते दात बसवता येतात, पण ते हाडाच्या दर्जावर ठरते. घाई करणाऱ्या जाहिराती पाहून आपण घाई करू नये. भात शिजायच्या आधी झाकण काढून ढवळत बसले तर काय होते ते आपल्याला ठाऊकच आहे.

शेवटी पूल. हिरडीतून वर येणारा छोटा खुंट प्रत्येक मुळावर बसवतात, तोंडाचे माप घेतात आणि प्रयोगशाळेत तीन दातांचा सलग पूल घडवून आणतात. धातूवर चिनी मातीचा लेप दिलेला किंवा झिर्कोनिया नावाच्या कठीण पांढऱ्या पदार्थाचा तो असतो. तो खुंटांवर बारीक स्क्रूने किंवा सिमेंटने पक्का करतात.

इथे एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटली. नैसर्गिक दात तंतूंवर तोललेला असल्याने किंचित हलतो, चुका सामावून घेतो. रोपण केलेले मूळ हाडाशी एकजीव असल्याने मुळीच हलत नाही. त्यामुळे पूल दोन्ही खांबांवर अगदी बरोबर बसावा लागतो. केसभर ओढ राहिली तरी ती कायम राहते आणि स्क्रू ढिले होतात, कधी मोडतातही. एक खांब नैसर्गिक दाताचा आणि दुसरा रोपणाचा असा मिश्र पूल शक्यतो टाळतात, तो याच कारणाने: एक लवतो, दुसरा लवत नाही.

हे कुणासाठी नाही?

टायटॅनियमला कीड लागत नाही, म्हणून हे दात अमर आहेत असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. कीड दाताला लागणार नाही. पण भोवतालची हिरडी आणि हाड आपलेच असते. तिथे घाण साचली तर सूज येते, हाड खाल्ले जाते आणि चांगले बसलेले मूळही सैल होते. पुलाच्या मधल्या दाताखालून बारीक ब्रश किंवा जाड दोरा रोज फिरवावा लागतो, आणि ठरावीक काळाने डॉक्टरांकडून तपासून व साफ करून घ्यावे लागते.

मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम नीट भरत नाही. विडी, सिगारेट ओढणाऱ्यांत रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो, कारण तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा घटतो. मशेरी, गुटखा, खैनी हिरड्यांची वाट लावतातच, पण त्यांचा खरा धोका तोंडाच्या कर्करोगाचा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते. तिच्यावर बंदी घालायची तर ती आपणच घालायला हवी.

आईच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच प्रथम सांगितले. “मावशी, स्क्रू आम्ही बसवू, पण मशेरी तुम्ही सोडायची. ती चालू राहिली तर तुमचेही पैसे वाया आणि आमचेही कष्ट.” हिरड्या साफ केल्या, तात्पुरती कवळी दिली आणि चार महिन्यांनी यायला सांगितले. पहिले पंधरा दिवस आमच्या घरात कुणाशी कुणाचे पटत नव्हते. आईचे डोके दुखे, कामावर लक्ष लागेना. दोनदा तिने डबी पुन्हा उघडली. मग एक दिवस तिने ती डबी स्वतःच कचऱ्याच्या गाडीत टाकली. तिसऱ्या महिन्यात हिरड्यांतून रक्त यायचे थांबले.

पैशाची गोष्ट

इथवर सगळे शास्त्र झाले. पण आमच्यासारख्या घरात खरा प्रश्न पैशाचा असतो. खाजगी दवाखान्यात सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गुपचूप जिना उतरलो होतो. माझ्या दोन वर्षांच्या फीच्या तो कितीतरी पट होता. सुदैवाने मुंबईत दंत महाविद्यालये आहेत. मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालापासून आहे आणि ते महानगरपालिकेचे आहे. शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. गोवंडीहून हार्बरची गाडी पकडली की शेवटच्या स्थानकावर उतरून चालत जाता येते. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर आपल्या अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. रांगेत थांबावे लागते, फेऱ्या पडतात, कामाचे खाडे होतात. पण तपासणी नीट होते आणि खर्च बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तरीही रोपणाचे साहित्य महाग असल्याने रक्कम लहान नव्हतीच.

त्या सुमारास आईची भिशी लागली. ते पैसे तिने माझ्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी आणि एका जुन्या लॅपटॉपसाठी मनात धरले होते. मी दातांचा विषय काढताच ती म्हणाली, “मला आता दात घेऊन कुठं मिरवायचंय? चहात भाकर बुडवून खाते मी. तू तुझं शिक्षण कर.” मी भांडले. तीही भांडली. शेवटी वडील म्हणाले, “दोन्ही होईल, जरा दमानं होईल.” मी गल्लीतील सहा मुलांच्या शिकवण्या घेतल्या. लॅपटॉप राहिला, टिपणे मी अजून वहीतच काढते आणि हा लेखही वहीतच लिहिला.

या भांडणातून मला एक गोष्ट कळली. आमच्याकडे दात ही गरज मानली जात नाही. ताप आला, हात मोडला तर उसनवारी करून औषध होते. दात दुखला तर मशेरी, नाहीतर ‘काढून टाका’. बाईचा दात असेल तर मग विचारायलाच नको. आणि दुर्दैव असे की उशीर जितका अधिक, तितका इलाज महाग होत जातो. वेळेवर हिरड्या साफ केल्या असत्या तर अगदी थोडक्यात भागले असते. दोन दात गेल्यावर लगेच गेलो असतो तर साध्या पुलावर भागले असते. तिसरा गेल्यावर रोपणाखेरीज पक्का उपाय उरला नाही. आणखी काही वर्षे गेली असती तर हाडही उरले नसते. हे गणित आम्हाला कुणी आधी समजावले नव्हते. म्हणूनच हा लेख.

माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. घरातील मोठ्या माणसांनी हसताना तोंडावर हात धरला तर ती लाज आहे की दुखणे, हे विचारा. दात हलतो आहे म्हणजे तो काढलाच पाहिजे असे समजू नका, आधी दाखवा. दाखवाल तो माणूस नोंदणी झालेला दंतवैद्य आहे का, हे पाहा. १९४८ च्या कायद्यापासून आपल्या देशात दंतवैद्यांची नोंदणी होते, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही अपमान नाही. तार आणि प्लॅस्टिकने शेजारच्या दातांना बांधलेले ‘फिक्स दात’ कितीही स्वस्त असले तरी बसवू देऊ नका. आणि डॉक्टरांना तिन्ही वाटा विचारा: कवळी, दातांवरचा पूल आणि रोपणावरचा पूल. कोणती आपल्याला योग्य, ते हाड, हिरडी, वय आणि खिसा पाहून ठरते. सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले असे नाही.

आईच्या जबड्यात दोन मुळे बसवून आता दोन महिने झाले. टाके केव्हाच निघाले. नस आणि मूळ यांमध्ये पुरेसे अंतर होते, त्यामुळे ओठ बधिर वगैरे काही झाले नाही. अजून ती उजव्या बाजूनेच जेवते. डॉक्टरांनी महिन्याभराने माप घ्यायला बोलावले आहे, म्हणजे हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पूल कदाचित बसलेला असेल. परवा शेजारच्या काकू सकाळी डबी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि आपले तोंड उघडून त्यांना टाक्यांची जागा दाखवू लागली. पदर खांद्यावरच होता.